फ्लाय रॉड आणि स्पिनिंग रॉड: फेकताना वजन कुणाचं?

गेल्या दसऱ्याच्या सुटीत पुतण्या वाळपईला घरी आला तो नवाकोरा रॉड घेऊनच. "काका, ट्राउटच्या फ्लाय मागवल्यात, व्हाळावर जाऊया." रॉड सात फुटी, स्पिनिंगचा. त्यावर रीळही स्पिनिंगचंच. आणि डबीत सोळा नंबरच्या बारीक गळावर पिसं-दोरा गुंडाळून बांधलेल्या बारा देखण्या फ्लाय, म्हणजे ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी किड्यासारखी दिसणारी खोटी आमिषं. घरामागच्या व्हाळात गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यानं सगळी ताकद लावून हात फिरवला. फ्लाय त्याच्याच पायांपाशी पडून तरंगत राहिली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा वाऱ्यानं मागे आली आणि शर्टाच्या बाहीत रुतली.

त्याला दोष देता येत नाही. लांब काठी, फिरणारं रीळ आणि टोकाला खोटं आमिष, दोन्हीकडे दिसतं ते हेच. त्यातून गोव्यात रॉड-रीळ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो चोणक, नाहीतर तांबोशी मासा. भरती-ओहोटी बदलायच्या वेळेला मांडवीच्या, झुआरीच्या काठी किंवा मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी उभं राहून प्लास्टिकचा मासा दूरवर फेकायचा आणि रीळ फिरवत आणायचा. ते स्पिनिंग, म्हणजे लूअर फेकणं. फ्लाय टाकणं ही त्याची नाजूक आवृत्ती असेल असं कुणालाही वाटेल. पण मुळातली गोष्टच उलटी आहे.

खडा भिरकावला तर व्हाळाच्या पलीकडे जातो. सावरीची म्हातारी तेवढ्याच जोरानं भिरकावून बघा. लूअर म्हणजे खडा. पंधरा-वीस ग्रॅमचं ते लूअर रॉडला वाकवतं, रॉड सुटला की स्वतः पुढे धावतं आणि केसासारखी बारीक लाइन रिळावरून आपल्यामागे ओढत नेतं. फ्लाय म्हणजे म्हातारी. सोळा नंबरच्या फ्लायचं वजन एका ग्रॅमचा दहावा भागही भरत नाही. तिच्यात पुढे जायची ताकदच नाही, ती कशाला कुणाला ओढेल? म्हणून फ्लाय फिशिंगमध्ये वजन लाइनलाच दिलेलं असतं. बाहेरून प्लास्टिकचा लेप दिलेली, जाडसर, बहुधा पिवळी नाहीतर हिरवी अशी ती लाइन असते आणि तिला वजनावरून नंबर असतात. पाच नंबरच्या लाइनचा पहिला तीस फुटांचा भाग १४० ग्रेनचा, म्हणजे साधारण नऊ ग्रॅम. तीन नंबरचा १०० ग्रेनचा. आपण फेकतो ती लाइन. फ्लाय नुसती तिच्या मागून जाते, आसुडाच्या टोकाला बांधलेल्या गोंड्यासारखी.

बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात. दुकानात दोन रॉड समोर आले तर आधी रीळ कुठे बसतं ते बघा. फ्लायचं रीळ मुठीच्याही खाली, अगदी बुडाशी. स्पिनिंगचं मुठीपाशी, रॉडच्या खाली लटकणारं. मग कड्या बघा. स्पिनिंग रॉडची पहिली कडी बांगडीएवढी मोठी असते, कारण लाइन रिळावरून वेटोळी घेत सुटते. फ्लाय रॉडवर बहुतेक सगळ्या बारीक तारेच्या नागमोडी कड्या. रिळाचं कामही सारखं नाही. स्पिनिंगला रीळ हाच जीव, फेकणं आणि ओढून आणणं दोन्ही त्याच्यावरच. फ्लायला लाइन डाव्या हातानं सोडायची आणि डाव्या हातानंच ओढायची. लहान ओढ्यावर दिवसभरात माझं रीळ लाइन गुंडाळून ठेवण्यापलीकडे फारसं कामाला येत नाही.

हाताची सवय मात्र मोडता मोडत नाही. लूअर फेकणाऱ्याचा हात एकाच झोक्याला सरावलेला असतो: मागे, पुढे, बोट सोड. फ्लायला लाइन आधी पाठीमागे हवेत सरळ पसरावी लागते. ती पसरेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे आणायची. तो थांबा अर्ध्या सेकंदाचा असेल, पण तोच सगळ्यांचा चुकतो. घाई केली तर चाबूक ओढल्यासारखा 'फट्' असा आवाज होतो आणि पुष्कळदा फ्लाय तुटून जाते. जोर वाढवला की चूक वाढते. पुतण्याचा जोर तर दांडगाच होता.

ट्राउटकडे वळण्याआधी एका शब्दाचा घोळ मिटवतो. या मासेमारीवरच्या लिखाणात 'क्रीक' शब्द सारखा येतो. आपल्याकडे क्रीक म्हणजे खाडी: खारं पाणी, खारफुटी, चिखल. ट्राउटवाल्यांची क्रीक म्हणजे आपला व्हाळ, गोड्या पाण्याचा ओढा. आपल्या व्हाळात ट्राउट का नाही, तर पाण्याच्या उबेमुळे. ट्राउटला दहा ते सोळा अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. वीसच्या वर तो त्रासतो, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पंचविशीच्या आसपास जगणंच कठीण. म्हणून तो आहे काश्मिरात, हिमाचलात, तिकडे निलगिरीत आणि मुन्नारच्या डोंगरात. तोसुद्धा मूळचा इथला नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इंग्रजांनी त्याची अंडी बोटीनं आणून काश्मीरच्या पाण्यात रुजवली.

मी तो पाहिला हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात, गुशैणीच्या वरच्या अंगाच्या एका नाल्यात. मे महिना होता, तरी पायांची बोटं बधिर होत होती. नाला जेमतेम आठ हात रुंद, दोन्ही काठांवरून फांद्या पाण्यावर झुकलेल्या. एका धोंड्यामागे, जिथे पाणी क्षणभर सैल होतं, तिथे एक ब्राउन ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभा. मध्येच वर येऊन काहीतरी टिपत होता. मी खालच्या बाजूनं, त्याच्या पाठीमागून गेलो. फ्लाय त्याच्या हातभर पुढे पडली. टाक चांगली झाली म्हणून मनातून सुखावलो. मासा वर आला, फ्लायच्या खाली वीतभर अंतरावर थांबला, तिच्यासोबत थोडा मागे सरकला आणि शांतपणे खाली गेला.

चूक कळायला वेळ लागला. माझ्या आणि माशाच्या मध्ये वेगानं वाहणारा एक पट्टा होता. लाइन त्यावर पडली होती आणि तो प्रवाह तिला ओढत होता. त्यामुळे फ्लायच्या मागे पाण्यावर नखाएवढी बारीक रेघ उमटत होती. खरा किडा प्रवाहासोबत वाहतो, रेघ ओढत नाही. याला 'ड्रॅग' म्हणतात आणि सुक्या, म्हणजे तरंगणाऱ्या फ्लायचं निम्मं शास्त्र तो टाळण्यात आहे. मी गुडघ्यांवर बसून दोन हात पुढे सरकलो, रॉड उंच धरला आणि सगळी लाइन पाण्याबाहेर ठेवून फ्लाय आणि तिच्या मागची वावभर बारीक दोरीच तेवढी पाण्यावर टेकवली. फ्लाय दीड-दोन सेकंद मोकळी वाहिली असेल. मासा आला आणि त्यानं ती सहज तोंडात घेतली. वीतभरच होता. अंगावर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. हात ओले करून धरला, गळ काढला, सोडला.

लूअरच्या माणसाला हे पटायला फार जड जातं. लूअरमध्ये जीव आपण घालतो. रीळ फिरवलं की पातं गरगरतं, चमकतं, जखमी मासोळीसारखं वळवळतं आणि ते पाहून मासा रागानं नाहीतर भुकेनं झेप घेतो. थांबलात की आमिष मेलं. तरंगणाऱ्या फ्लायला आपण काहीही करायचं नसतं, उलट आपला हात तिला लागू द्यायचा नसतो. एकाच माणसाला सकाळी चोणक आणि संध्याकाळी फ्लाय करायला सांगितलं तर संध्याकाळचा पहिला तास हात गप्प ठेवण्यातच जाईल.

अरुंद ओढ्यावर फ्लायची खरी अडचण पाठीमागे असते. लाइन मागे पसरायची कुठे? झाडीत? म्हणून तिथे 'रोल कास्ट' करतात: लाइन पाण्यावरूनच हळू मागे ओढून रॉडच्या मागे तिचा झोळ पाडायचा आणि तिथून पुढे उलगडायची. तेवढीही जागा नसेल तर फ्लाय गळाच्या बाकाला चिमटीत धरायची, धनुष्यासारखा रॉड ताणायचा आणि सोडायची. तीन-चार मीटर जाते, आणि अशा नाल्यात तेवढं पुरतं. इथे लाइनच्या नंबराचाही प्रश्न येतो. तो नंबर तीस फुटांचा हिशोब धरून दिलेला असतो. बारा फूटच बाहेर असतील तर पाच नंबरच्या लाइनचंही वजन चार ग्रॅम भरत नाही आणि रॉड वाकायला तयार होत नाही. म्हणून लहान पाण्यावर मी तीन नंबरच्या रॉडवर चार नंबरची लाइन लावतो.

तिथे स्पिनिंग चालतच नाही असं नाही. पाऊस पडून पाणी गढूळ झालं, किंवा धबधब्याखाली खोल कोंड असला, तर तीन-चार ग्रॅमचा छोटा स्पिनर, म्हणजे गरगरत्या पात्याचं लूअर, फ्लायपेक्षा सरस ठरतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पाणी उथळ, काचेसारखं स्वच्छ असलं तर तो 'डुबुक' आवाजच घात करतो. एकदा बिथरलेले मासे धोंड्यांखाली गेले की बराच वेळ बाहेर येत नाहीत. पाणी भरून वजन वाढवता येतं असा एक पारदर्शक बुडबुडाही मिळतो. तो स्पिनिंग रॉडला लावला की फ्लाय फेकता येते. तळ्यावर हा उपाय उत्तम. व्हाळावर बुडबुड्याचीच डुबुक होते.

गळांचं थोडक्यात: लूअरला बहुधा तीन काट्यांचे दोन गळ, फ्लायला एकच. त्याची उलटी अणी पक्कडीनं दाबून टाकली की मासा इजा न होता सुटतो.

खरं तर फ्लायशी आपली ओळख नाही असं नाही. लहानपणी आम्ही बांबूच्या काठीला काठीएवढीच दोरी बांधून गरवायला जायचो. रीळ नाही, कड्या नाहीत. जपानमध्ये डोंगरी ओढ्यांवर नेमकी अशीच मासेमारी करतात. तिला तेंकारा म्हणतात. काठी, तिच्या टोकाला बांधलेली दोरी, शेवटी एकच फ्लाय. आमच्या गळाला गांडूळ असायचं, एवढाच काय तो फरक. महागड्या स्पिनिंग रॉडपेक्षा ती काठी फ्लायच्या जास्त जवळची आहे, असं माझं ठाम मत आहे.

पुतण्याला मी माझा रॉड दिला, पण व्हाळावर नाही, शाळेच्या मैदानावर. दोरीच्या टोकाला फ्लायऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधला. "मागे टाक आणि मान वळवून बघ. लोकर सरळ झाली की मगच पुढे." पहिला अर्धा तास लोकर गवतातच लोळत होती. मग एकदा लाइन पाठीमागे दोरीसारखी ताठ गेली. ती बघत तो थांबला, पुढे आणली आणि लोकर गवतावर अलगद उतरली. दुसऱ्या दिवशी व्हाळावर त्याच्या डबीतली सगळ्यात बारीक फ्लाय लावली. वाहत्या पाण्याच्या कडेला मलबार डॅनिओचा थवा असतो. बोटभर लांबीचे हे मासे, पाण्यावर पडलेल्या किड्यांवरच त्यांची नजर. चौथ्या टाकीला एक वर आला, फ्लाय ओढली आणि सुटला.

"काका, घेतली होती ना त्यानं?"

घेतली होती. लगेच पुन्हा टाकायला त्यानं हात उचलला, आणि मान आपोआप मागे वळली.