चिपसेटवरचा तो छोटा फॅन आला कुठून आणि गेला कुठे

जुन्या मदरबोर्डवर प्रोसेसरच्या खाली चिपसेटवर, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपवर, अजून एक छोटा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) असायचा, कधी त्यावर ४० मिमीचा फॅन पण, आणि आत्ताच्या बोर्डावर तो फॅन दिसत नाही. मग कोणी विचारतं की ओव्हरक्लॉक करायचंय, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या स्पीडपेक्षा जास्त पळवायचाय, तर चिपसेटला वेगळं कूलिंग लावू का. याचं उत्तर बोर्ड कुठल्या काळातला आहे यावर आहे, म्हणून थोडं मागे जावं लागेल.

१९९८ साली इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट आला, ऑफिशियल बस स्पीड (प्रोसेसर आणि चिपसेटमधल्या रस्त्याचा वेग) १०० मेगाहर्ट्झ. त्याच वर्षी इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर आला, बस ६६ गुणिले मल्टिप्लायर साडेचार म्हणजे ३०० मेगाहर्ट्झ. मल्टिप्लायर लॉक होता, म्हणजे स्पीड वाढवायचा एकच रस्ता, बस वाढवायची. लोकांनी बस ६६ची १०० केली आणि तोच स्वस्तातला प्रोसेसर ४५० वर धावायला लागला. बीएक्ससाठी १०० म्हणजे रोजचंच काम, त्यामुळे साधा छोटा हीटसिंक पुरायचा. पण नंतर पेन्टियम थ्रीसाठी लोक त्याच चिपला १३३ वर न्यायला लागले, आणि तिथून नॉर्थब्रिजला (चिपसेटमधली प्रोसेसरजवळची मुख्य चिप) हात लावून किती तापलाय ते बघायची सवय लागली.

मूळ गोष्ट ही की तेव्हा मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅम सांभाळणारा भाग, नॉर्थब्रिजमध्ये होता. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, सगळी वाहतूक त्या एका चिपमधून. बस वाढवली की प्रोसेसरसोबत ही चिप पण ओव्हरक्लॉक होते, तुमची इच्छा असो वा नसो. आणि ती अडखळली की दोष प्रोसेसरला किंवा रॅमला दिला जायचा.

इंटेलच्या कोअर २ प्रोसेसरच्या काळात हे टोकाला गेलं. त्यातल्या क्यू६६०० ची बस २६६ ची ४०० केली की ९ च्या मल्टिप्लायरने ३.६ गिगाहर्ट्झ मिळायचे, पण ते टिकवायला बऱ्याचदा नॉर्थब्रिजचं व्होल्टेज वाढवायला लागायचं. तेव्हाच्या पी३५ चिपसेटचं मूळ व्होल्टेज १.२५, समजा १.४५ केलं. उष्णता फ्रिक्वेन्सीच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत, म्हणजे इथे दीडपट गुणिले साधारण १.३५, झाली की दुप्पट! तोच इवलासा हीटसिंक दुप्पट उष्णता कुठे टाकणार. म्हणून झलमनचे निळे हीटसिंक, थर्मलराइटचा हीटपाइपवाला एचआर-०५ वगैरे लोक वेगळे विकत घेऊन लावायचे.

एएमडीकडे गंमत वेगळी. अॅथलॉन ६४ मध्ये २००३ लाच मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये गेला, तरी त्याच्यासोबतचा एनव्हिडियाचा एनफोर्स४ चिपसेट चांगलाच तापायचा, कारण चिपसेटचं सगळं काम एकाच चिपमध्ये कोंबलेलं. त्यात ती चिप बऱ्याच बोर्डांवर ग्राफिक्स कार्डच्या बरोबर खाली, त्यामुळे उंच हीटसिंक बसायचाच नाही, मग आला तो चपटा फॅन. असूसने २००५ मध्ये ए८एन-एसएलआय प्रीमियम बोर्डावर फॅन काढून हीटपाइप (उष्णता दुसरीकडे वाहून नेणारी नळी) दिला, मला विचाराल तर खरा उपाय तो होता. माझ्याकडे त्या काळातला एक फॅनवाला बोर्ड होता, दोन वर्षांत फॅन घरघरायला लागला. मी स्टिकर सोलून आत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला, महिनाभर चालला, परत तेच. शेवटी हीटसिंक काढला तर खालचं थर्मल मटेरियल वाळून खडूसारखं झालेलं, पेस्ट जेमतेम अर्ध्या चिपला टेकत होती. नवी पेस्ट लावल्यावर जो फरक पडला तो नवीन फॅनने पडला नसता. म्हणून अजूनही सांगतो, जुना बोर्ड हातात आला तर आधी पेस्ट बदला, मग पुढचं बघा.

मग इंटेलनेही २००८ मध्ये नेहालेम पिढीला मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये घेतला, २००९ च्या पी५५ बोर्डावर नॉर्थब्रिज उरलाच नाही. २०११ मध्ये सँडी ब्रिज पिढीला क्लॉक जनरेटर (सगळ्यांना ठेका देणारा भाग) चिपसेटमध्ये गेला आणि यूएसबी, साटा, पीसीआय एक्स्प्रेस सगळं त्याच १०० मेगाहर्ट्झला बांधलं गेलं, बस थोडी जरी वाढवली तरी काहीतरी बिघडणार. आता इंटेलवर ओव्हरक्लॉकिंग म्हणजे के सिरीज (मल्टिप्लायर लॉक नसलेले प्रोसेसर) आणि मल्टिप्लायर, आणि त्यात चिपसेटवर जादा भार पडतच नाही.

२०१९ ला एएमडीच्या एक्स५७० चिपसेटवर फॅन परत आला तेव्हा खूप जणांना वाटलं की ओव्हरक्लॉकिंगसाठीच आहे. तसं नव्हतं. पीसीआय एक्स्प्रेस ४.० मुळे ती चिप साधारण ११ वॅट खायची, आधीच्या एक्स४७० च्या जवळजवळ दुप्पट, आणि ती परत ग्राफिक्स कार्डच्या खाली. पुढच्याच वर्षी बी५५० बिनफॅनचा आला, २०२१ मध्ये एक्स५७०एस नावाने बिनफॅनचे बोर्ड पण आले.

तर आजच्या बोर्डावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करत असाल तर पैसे चिपसेटवर घालू नका, सॉकेटच्या बाजूचं व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) बघा, तिथे हवा पोचते का ते बघा. आणि कपाटात जुना पी३५ पडला असेल तर त्याच्या नॉर्थब्रिजचा हीटसिंक मात्र नक्की काढून पेस्ट बदला, तो धरून ठेवणाऱ्या पुश-पिन जपून दाबा, एवढ्या वर्षांत प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं.