'योक' की 'देइल'? तुर्कीतले दोन 'नाही'

तुर्की शिकताना 'हायर' म्हणजे 'नाही' हे पहिल्याच दिवशी पाठ होतं. मग इस्तंबूलच्या एखाद्या किराणा दुकानात 'स्यूत वार म?' (दूध आहे का?) असं विचारावं, तर दुकानदार म्हणतो, 'योक'. कधी तेवढंही म्हणत नाही. भुवया वर, मान किंचित मागे आणि जिभेने 'च्क'. आपल्याला वाटतं, आठवून सांगतोय. आपण तसेच उभे. त्याचं उत्तर देऊन झालेलं असतं.

'योक' म्हणजे ती वस्तूच नाही. 'एकमेक योक' म्हणजे पाव नाही (हो, पावाला एकमेकच म्हणतात). 'पारम योक' म्हणजे माझ्याकडे पैसे नाहीत. याउलट वस्तू समोर आहे, पण ती तुम्ही म्हणता ती किंवा तशी नाही, तिथे 'देइल'. 'बु चाय देइल, काह्वे': हा चहा नव्हे, कॉफी. लिहिताना यात 'ग' असतो, डोक्यावर छोटी कोर असलेला. 1928 साली आलेल्या लॅटिन वर्णमालेतला हा 'युमुशाक गे', म्हणजे मऊ ग, इतका मऊ की ऐकूच येत नाही. आपल्या कानाला 'पैसे देईल'मधला 'देईल'च वाटतो.

दोन्हींतला फरक मला खरा कळला तो 'बोझुक' या शब्दाने. बोझुक म्हणजे मोडलेलं, बिघडलेलं; आणि मोड, म्हणजे सुट्टे पैसे, तेही बोझुकच. आपणही नोट 'मोडतो'च की! तर 'बोझुक योक' म्हणजे सुट्टे नाहीत आणि 'बोझुक देइल' म्हणजे बिघडलेलं नाही. मोठी नोट पुढे करून 'बोझुक देइल' म्हणालात, तर टॅक्सीवाला बुचकळ्यात पडेल.

मराठी माणसाला 'नव्हे' मदतीला येतो. 'नव्हे' बसला की देइल, 'नाही'च हवा तर योक. पण विशेषणापाशी ही युक्ती डळमळते, कारण 'चहा गरम नव्हे' असं आता कोण बोलतं? तिथे होकारी वाक्य करून 'आहे' गाळून पाहावं. 'चहा गरम' एवढ्याने भागतं; तुर्कीतही 'चाय सजाक' एवढंच म्हणतात, म्हणून नकारात 'सजाक देइल'. 'चहा आहे' ऐवजी नुसतं 'चहा' म्हणून मात्र काही कळत नाही, तिथे 'वार' (म्हणजे 'आहे') लागतो, म्हणून नकारात 'योक'.

भूतकाळात आपली मराठीच दगा देते. 'पैसे नव्हते' आणि 'तो डॉक्टर नव्हता', दोन्हीकडे एकच शब्द. तुर्कीत पहिल्याला 'योकतु', दुसऱ्याला 'देइलदी'.

'तो घरी नाही' याला मात्र 'एवदे योक' आणि 'एवदे देइल' दोन्ही चालतं, उगीच डोकं लावू नये. कुणी माफी मागितली तर 'सोरुन देइल' म्हणा, 'सोरुन योक' म्हणालात तरी कुणी हसणार नाही. आभार मानले तर 'ओनेमली देइल', आपलं 'त्यात काय एवढं!'

क्रियापदाला यातलं काहीच लागत नाही, नकार त्याच्या पोटातच शिरतो. 'बिलियोरुम' म्हणजे मला माहीत आहे, 'बिल्मियोरुम' म्हणजे माहीत नाही. सुरुवातीचे काही महिने हाच शब्द सगळ्यात जास्त वापरला जातो.