बिबट्याच्या डॉक्टरांचे प्रशिक्षण: जुन्नरपासूनची पार्श्वभूमी

मुंबईत १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, पण वन्यप्राणी अभ्यासक्रमात आले ते फार उशिरा आणि अगदी थोडे. महाराष्ट्रात बिबट्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे खरे शिक्षण घडले ते २००१ नंतर पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात, तेही घाईने. कुकडी नदीवरच्या धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला होता, उसात बिबट्या वर्षभर लपू शकत होता, आणि त्याची वीणही तिथेच होऊ लागली होती.

तेव्हाचा उपाय ठरलेला होता: पिंजरा लावा, पकडा, दूरच्या जंगलात सोडा. त्यामुळे डॉक्टरांनाही तेवढेच शिकवले जाई, म्हणजे भूल द्या, गाडीत चढवा, जागे करा. पुढच्या अभ्यासात दिसले, की या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले आणि जिथे बिबटे सोडले त्या परिसरातही हल्ले सुरू झाले. पिंजऱ्यात खचलेला, अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी परतीची वाट शोधतो. इकडे त्याची रिकामी हद्द दुसरा बिबट्या व्यापतो. सोडण्यापूर्वी शेपटीच्या बुडाशी टोचलेल्या, ओळख क्रमांक असलेल्या छोट्या चिपमुळे पुन्हा सापडलेला बिबट्या ओळखता आला. ती टोचली नसती तर दूर सोडणे उपयोगी की घातक, हा वाद नुसत्या अंदाजांवर चालला असता.

गुंता असा, की नेमक्या याच काळात कायदा उलट बाजूला झुकला. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने, जी एप्रिल २००३ पासून लागू झाली, अट घातली की प्राणी पकडता, बेशुद्ध करता किंवा स्थलांतरित करता येत नाही अशी खात्री झाल्याशिवाय त्याला मारण्याचा आदेश देऊ नये. हेतू प्राणी वाचवण्याचाच होता. पण व्यवहारात त्याचा अर्थ ‘स्थलांतर हा सौम्य उपाय’ असा घेतला गेला. २०११ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी दूर नेऊन सोडण्याला स्पष्ट नापसंती दर्शवली, तरी बिबट्या दिसला की पिंजऱ्याची मागणी आजही पहिली असते. निरोगी आणि कोणालाही इजा न केलेला बिबट्या केवळ दिसला म्हणून पकडणे, हा निर्णय डॉक्टरने तिथल्या तिथे अडवायला हवा. हे धाडस शिकवणे भूल शिकवण्यापेक्षा कठीण आहे.

भुलीत मुख्य अडचण औषधाच्या आकारमानाची. ५० किलोच्या बिबट्याला साधारण २५० मिलिग्रॅम केटामिन (भुलीचे औषध) आणि ७० मिलिग्रॅम झायलाझिन (गुंगी आणून स्नायू सैल करणारे औषध) लागते. दवाखान्यातल्या नेहमीच्या बाटल्या ५० आणि २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या असतील, तर ते साडेआठ मिलिलिटर होते आणि एका डार्टमध्ये, म्हणजे दुरून मारायच्या औषधभरल्या सुईत, मावत नाही. दोन्ही औषधे १०० च्या तीव्रतेची घेतली की ३.२ मिलिलिटरमध्ये काम होते. डार्ट मांडीच्या जाड स्नायूत हवा. छातीत किंवा पोटात लागला तर आतले अवयव फाटू शकतात. भूल लागताच डोळ्यांत मलम घालून पट्टी बांधतात, कारण केटामिनमध्ये पापण्या मिटत नाहीत. ताप दर दहा मिनिटांनी बघतात. ४० अंशांच्या वर गेला की मांड्यांच्या आतल्या बाजूस आणि पोटावर पाणी ओततात. झायलाझिनचा उतारा असलेले योहिम्बिन घाईने टोचले तर झायलाझिनचा अंमल आधी उतरतो, केटामिन उरतो आणि प्राणी झटके देत उठतो. म्हणून केटामिन ओसरू द्यायचे.

विहिरीत पडलेल्या बिबट्याला पाण्यात असताना डार्ट मारायचा नाही, तो बुडतो. आधी टेकायला बाज सोडायची, मग पिंजरा.

ऊसतोडीत बछडे सापडले तर आताचा धडा वेगळा आहे. हातमोजे घालून तपासायचे, निर्जलीकरण बघायचे, चिप टोचायची, आणि अंधार पडण्यापूर्वी त्याच फडात, त्याच जागी, आईला सहज उलथवता येईल अशा क्रेटमध्ये ठेवायचे. शेजारी ट्रॅप कॅमेरा (हालचाल होताच आपोआप फोटो काढणारा) लावून माणसांनी दूर जायचे. गर्दी राहिली तर आई येत नाही. पहिल्या रात्री आली नाही तर पुन्हा प्रयत्न करायचा. दवाखान्यात बाटलीवर वाढवलेला बछडा सहसा जंगलात परत जात नाही, पिंजऱ्यातच म्हातारा होतो.