इंटरकूलरचा पाइप : दोन इंची, अडीच इंची की तीन इंची?

विहिरीपासून शेतापर्यंत पाइपलाइन टाकणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही की मोटार तीच ठेवून दोन इंचीऐवजी अडीच इंची पाइप टाकला तर टोकाला पाणी जास्त पडते, आणि वाटेत एल्बो वाढले की जोर कमी होतो. टर्बोचार्जरपासून (इंजिनासाठी हवा दाबणारे यंत्र) इंटरकूलरपर्यंत (ती दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तेथून थ्रॉटलपर्यंत (इंजिनात शिरणाऱ्या हवेची झडप) हवा नेणाऱ्या पाइपचे शास्त्रही मुळात हेच आहे. तरीही मोटारींच्या हौशी मंडळींत या पाइपचा व्यास बहुधा नजरेने ठरतो, आणि जितका जाड तितका चांगला असे मानले जाते. हा समज आकडेमोडीवर पारखून घ्यायला हवा.

हवा दाबली की ती तापते. २७ अंश सेल्सिअसची हवा ७० टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरने, म्हणजे टर्बोचार्जरमधील हवा दाबणाऱ्या भागाने, दुप्पट दाबापर्यंत नेली, तर तिचे तापमान सुमारे १२० अंशांवर जाते. इंटरकूलरने ती त्याच दाबाला ५० अंशांपर्यंत थंड केली की तिची घनता जवळपास २२ टक्क्यांनी वाढते, म्हणजेच तेवढ्याच जागेत इंजिनाला अधिक प्राणवायू मिळतो.

उदाहरणादाखल निसानच्या सिल्विया एस-१५ या जपानी मोटारीतील एसआर२०डीईटी हे १,९९८ घन सेंटिमीटरचे इंजिन घेऊ, ज्याची कमाल शक्ती, २५० अश्वशक्ती, मिनिटाला ६,४०० फेऱ्यांवर मिळते. या गाडीचा मूळचा छोटा इंटरकूलर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यात असतो. तो काढून रेडिएटरपुढे मोठा इंटरकूलर बसवण्याची पद्धत रूढ आहे, आणि तसे करताना पाइप नव्याने बनवावे लागत असल्यामुळे व्यासाचा प्रश्न उभा राहतो. चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढते. सिलिंडर ९० टक्के भरतात असे धरले, तर ६,४०० फेऱ्यांवर दर सेकंदाला सुमारे ९६ लिटर दाबलेली, थंड हवा पाइपातून जाते. दोन इंची, म्हणजे आतून ५० मिलिमीटरच्या पाइपात तिचा वेग सेकंदाला ४९ मीटर होतो, अडीच इंचीत (६३ मिमी) ३१ मीटर आणि तीन इंचीत (७६ मिमी) २१ मीटर.

खरा निकष हा वेगच आहे, कारण वाटेत वाया जाणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इंटरकूलर ते थ्रॉटल दीड मीटर लांबीचा आणि चार गोलाईदार वळणांचा पाइप धरून, निरपेक्ष दाब २ बार (वातावरणाच्या दाबाहून सुमारे १ बार जास्त) असताना ढोबळ हिशोब केला, तर दोन इंचीत ०.०४६ बार, अडीच इंचीत ०.०१७ बार आणि तीन इंचीत ०.००८ बार दाब खर्ची पडतो. कोणी ३८ मिमीचा, म्हणजे दीड इंची पाइप टाकलाच, तर ही घट ०.१५ बारवर जाते. ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसरला अधिक दाब निर्माण करावा लागतो आणि त्यातून बाहेर पडणारी हवा आणखी सुमारे ११ अंशांनी तापते. दीड इंचीवरून दोन इंचीवर येण्याचा फायदा मोठा आहे, अडीच इंचीवर जाण्याचा लहान पण मोजता येण्याजोगा आहे, आणि त्यापुढच्या अर्ध्या इंचाने एक शतांश बारसुद्धा वाचत नाही. या इंजिनाला मी अडीच इंचीच सुचवेन. भारतात सर्रास दिसणाऱ्या एक लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनात मात्र ५,५०० फेऱ्यांवरही दोन इंची पाइपातील वेग सेकंदाला जेमतेम २१ मीटर भरतो, तेव्हा तेथे अडीच इंची पाइप टाकण्याचे कारण उरत नाही.

मोठ्या पाइपामुळे टर्बो उशिरा जागा होतो, ही भीतीही अशीच अतिशयोक्त आहे. दीड मीटर लांबीत अडीच इंचीऐवजी तीन इंची पाइप घेतला, तर २.१ लिटर जागा वाढते. २,५०० फेऱ्यांवर हे इंजिन तेवढी हवा सेकंदाच्या अठराव्या भागात पिऊन टाकते. जाणवणारा विलंब प्रामुख्याने इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंनी फिरणाऱ्या टर्बाइन-चक्राला वेग घ्यायला लागणाऱ्या वेळामुळे होतो.

व्यासापेक्षा अधिक लक्ष वळणांकडे द्यावे, कारण वरच्या हिशोबातील अडीच इंची पाइपातली जवळपास तीन चतुर्थांश घट सरळ भागात नसून चार वळणांत झालेली आहे. पाइप कापून काटकोनात जोडलेले एक वळण गोलाईदार वळणाच्या तिप्पट-चौपट दाब खाते, आणि वाकवताना चेपलेला पाइप त्या जागी अरुंद होतो, मग त्यावर छापलेल्या मापाला अर्थ राहत नाही. व्यास अचानक बदलणेही टाळावे. अशा टर्बोच्या कॉम्प्रेसरचे तोंड बहुधा दोन इंचांच्या आसपास असते. त्याला थेट तीन इंची पाइप जोडला, तर हवेच्या गतीतील सुमारे एक तृतीयांश ऊर्जा भोवऱ्यांत विरते, म्हणून रुंदी लांबट शंकूच्या आकाराने हळूहळू वाढवावी. टर्बो ते इंटरकूलर हा गरम हवेचा पाइप पुष्कळ जण अरुंद ठेवतात. तेथे हवा विरळ असल्यामुळे तेवढ्याच व्यासात वेग २२ टक्क्यांनी जास्त असतो, म्हणून तो भाग आखूड असेल तरच ही काटकसर चालते.

जाड पाइपची एक किंमत सहसा कोणी मोजत नाही. १ बार बूस्टला, म्हणजे वातावरणाहून १ बार जास्त दाबाला, अडीच इंची पाइपाच्या वळणावरचा जोड उपटू पाहणारे बल सुमारे ३२ किलो वजनाइतके असते, तर तीन इंचीत ते ४६ किलोंवर जाते. म्हणून पाइपाच्या टोकाला उठावदार कडा काढून घ्यावी आणि सिलिकॉनच्या जोडावर बोल्टने आवळायचा रुंद क्लॅम्प लावावा. पाइप बसवल्यावर टर्बोच्या तोंडाशी आणि थ्रॉटलच्या आधी असे दोन ठिकाणी दाब मोजून पाहावेत. पूर्ण बूस्टला त्यांत मोठा फरक दिसला, तर आधी गळती शोधावी, मग इंटरकूलरची जाळी तपासावी आणि पाइपचा व्यास बदलण्याचा विचार त्यानंतर करावा.