यवतेश्वरचा उतार आणि धावणाऱ्याची टाच

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे दिवस जवळ आले की यवतेश्वरच्या घाटात पहाटेची वर्दळ वाढते, आणि त्याच सुमारास टाच धरलीय, चवडा ठणकतोय असं सांगणारेही भेटू लागतात. २०१२ पासून होणारी ही शर्यत २१ किलोमीटरची. शहरातून निघून घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर वळायचं आणि तोच घाट उतरून यायचं. सराव करणाऱ्यांच्या बोलण्यात सगळा चढच असतो. दम कुठं लागला, कुठल्या वळणावर चालावं लागलं, वगैरे. पायाला मात्र उतार जास्त जड जातो.

याचं मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००५ साली बल मोजणाऱ्या ट्रेडमिलवर धावपटूंना चढ-उतारावर पळवलं. ९ अंशांच्या उतारावर पाऊल टेकताना बसणारा धक्का सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी वाढला आणि शरीराला मागं रेटणारं, ब्रेकसारखं बल ७३ टक्क्यांनी वाढलं. तेवढ्याच चढावर धक्का ३९ टक्क्यांनी कमी झाला. घाटरस्ता सरसकट इतका तीव्र नसतो, पण फरकाची दिशा तीच राहते. सपाटीवरही प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीकडून परत येतो. उतारावर तो वाढतो, आणि तोही अर्धं अंतर धावून पोटऱ्या थकलेल्या असताना.

हा भार झेलतं ते पाऊल २६ हाडांचं आणि ३३ सांध्यांचं असतं. त्याची कमान नुसत्या हाडांच्या रचनेवर उभी राहत नाही. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यातून एक जाड, चिवट पट्टा जातो, तो प्लँटार फॅसिया. पाऊल उचलताना टाच वर येते, बोटं मागं वळतात आणि हा पट्टा अंगठ्याच्या सांध्याभोवती रहाटावरच्या दोरासारखा गुंडाळला जातो. दोर ताणला की टाच आणि चवडा एकमेकांकडे ओढले जातात, कमान उंचावते, आणि क्षणापूर्वी मऊ पडलेलं पाऊल ढकलण्यापुरतं ताठ होतं. ही यंत्रणा हिक्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं १९५४ साली समजावून सांगितली. अंगठा हातानं वर उचलून पाहा, तळव्यातला पट्टा ताठ झालेला बोटांना लागतो.

सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्याच पावलाला टाचेच्या आतल्या बाजूला कळ येते, चार पावलं चाललं की कमी होते आणि दिवसभर उभं राहिलं की पुन्हा वाढते. ही तक्रार बहुतेक वेळा या पट्ट्याच्या टाचेकडच्या टोकाची असते. रात्रभर पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो, आणि उठल्याउठल्या त्यावर एकदम ताण येतो. एक्स-रे काढला की पुष्कळदा टाचेखाली काट्यासारखं हाड दिसतं आणि घरी सांगितलं जातं, ‘टाचेचं हाड वाढलंय’. त्या हाडाची भीती मनातून काढून टाकावी असं मला कळकळीनं वाटतं. असं हाड कितीतरी लोकांच्या टाचेत असतं आणि त्यांना काहीही दुखत नाही. ज्यांचं दुखतं त्यांचंही दुखणं बहुतेक वेळा ते हाड न काढता बरं होतं. जुनाट दुखण्यात शस्त्रक्रियेनं काढलेल्या पट्ट्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यात दाहाच्या पेशी नव्हत्या, झिजलेले, विस्कटलेले तंतू होते. वेदनाशामक गोळीनं दिवस निघतो, पण तंतू सुधारत नाहीत, ते त्यामुळेच. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर काही आठवडे बरं वाटतं, पण पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी विरळ होण्याचा धोका असतो. शर्यतीपुरतं इंजेक्शन मारून धावणं म्हणूनच वाईट.

टाच सोडून पुढं जाण्याआधी एका वेगळ्या दुखण्याबद्दल, म्हणजे हाडाला पडणाऱ्या बारीक चिरेबद्दल, सांगायला हवं, कारण त्यात उशीर महागात पडतो.

सातारा जिल्ह्यात धावणं हा नुसता छंद नाही. माणमधल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत घराघरांतून सैन्यात जाण्याची परंपरा आहे. पोलीस आणि सैन्यभरतीच्या तयारीला लागलेली पोरं-पोरी जाहिरात निघाली की डांबरी रस्त्यावर एकदम पळायला लागतात. काल शून्य आणि आज रोज पाच-सहा किलोमीटर. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. हाडाला त्याहून खूप जास्त वेळ लागतो. नव्या ताणाला हाड आधी स्वतःचा थोडा भाग झिजवतं आणि मग तिथं नवं हाड घालतं. या मधल्या काळात भार वाढतच राहिला की बारीक चीर पडते. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट या डॉक्टरनं १८५५ मध्ये लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन करून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यानंतर १८९७ मध्ये दिसलं की त्या पावलांतली हाडं मोडलेली होती.

या दुखण्याची खूण अशी की एका बोटानं हाडावर नेमकी जागा दाखवता येते. धावताना ते वाढत जातं, धावून ‘मोकळं’ होत नाही, पुढं पुढं रात्रीही ठणकतं. त्या पायावर एकदा उडी मारली तरी कळ येते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे, पळ’ हा सल्ला इथं धोक्याचा आहे. शंका असेल तर एमआरआय लागतो. चवड्यामागच्या मधल्या लांब हाडांची चीर विश्रांतीनं सहसा भरते. पण घोट्याच्या पुढं, पावलाच्या वरच्या फुगीर भागात दुखत असेल किंवा बाहेरच्या कडेला करंगळीच्या लांब हाडाच्या मुळाशी दुखत असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावं. तिथं रक्तपुरवठा कमी असतो आणि हाड जुळायला नाखूश असतं. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी, ती म्हणजे पाळी नियमित आहे का. खाणं कमी आणि धावणं जास्त झालं की पाळी चुकते आणि हाडंही कमकुवत होतात. त्यावर कुठलाही बूट किंवा इनसोल (बुटात तळव्याखाली घालायची गादी) उपाय नाही, पोटभर जेवण हाच आहे.

आता इनसोलकडे येऊ. पाय दुखू लागला की कोणीतरी सांगतं, तुझे तळवे सपाट आहेत, आर्च सपोर्ट घाल. दुकानात काचेवर उभं करून रंगीत चित्र दाखवतात, आणि त्या चित्राचा दिसण्यापुरता अधिकार मोठा असतो. पण तळवा सपाट असणं हा आजार नाही. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान उमटत असेल आणि दुखत नसेल, तर त्या पायाला दुरुस्तीची गरज नाही. अमेरिकी सैन्यात नव्या जवानांना तळव्याच्या आकारानुसार वेगवेगळे बूट देऊन पाहिले आणि दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे दिले. दुखापतींत फरक पडला नाही.

इनसोल काय करतो हे नीट समजलं की निर्णय बराच सोपा होतो. तो भार नाहीसा करत नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो. कमानीखालचा उंचवटा टाच आणि चवड्यावरचा थोडा भार मधल्या भागावर घेतो. खोलगट हील कप टाचेखालची चरबी पसरू न देता गोळा करून ठेवतो. चवड्याच्या हाडांखाली दुखत असेल तर त्यांच्या थोडं मागं बसवलेली छोटी गादी भार मागं खेचते (ती नेमकी दुखऱ्या जागेखाली चिकटवली तर दुखणं वाढतं). टाच उंचावणारी चकती पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या कंडरेला, म्हणजे अकिलीसला, सैल करते, पण वजन चवड्याकडे सरकवते. म्हणून विकत घेण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. माझी दुखरी जागा नेमकी कोणती, आणि तिथून काढलेला भार जिथं जाणार ती जागा तो पेलेल का?

मापानुसार बनवलेला महागडा इनसोल तयार इनसोलपेक्षा चांगला असलाच पाहिजे, हा समज फार पक्का आहे. मेलबर्नमध्ये टाचदुखीच्या १३५ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन गट केले होते. एकाला नुसता पातळ मऊ फोम, दुसऱ्याला दुकानात मिळणारा घट्ट इनसोल, तिसऱ्याला साचा घेऊन खास बनवलेला. तीन महिन्यांनी दुसरा आणि तिसरा गट पहिल्यापेक्षा थोडा पुढं होता, आणि त्या दोघांत फरक नव्हता. वर्षानंतर तिन्ही गट सारखेच. यातून मी दोन अर्थ काढतो. इनसोल दुखण्याचा मधला काळ सुसह्य करतो, आणि साध्या टाचदुखीसाठी काही हजार रुपये घालण्याआधी काही शे रुपयांचा तयार इनसोल वापरून पाहणं शहाणपणाचं आहे.

तयार इनसोल निवडताना सगळ्यांत भरवशाची कसोटी आरामाची. कॅलगरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०६ सैनिकांपैकी एका गटाला सहा प्रकारच्या इनसोलमधून स्वतःला आरामदायी वाटेल तो निवडू दिला. पुढच्या चार महिन्यांत या गटाला इनसोल न मिळालेल्यांपेक्षा कमी दुखापती झाल्या, आणि सगळ्यांनी एकच प्रकार निवडलेला नव्हता. त्यामुळे बुटातला मूळ इनसोल काढून, धावण्याचे मोजे घालून, संध्याकाळी पाय थोडा फुगलेला असताना घालून पाहावं. कमानीत टोचत असेल तर ‘सवय होईल’ यावर विसंबू नये. पहिल्या दिवशी तासभर नुसतं चालावं, हळूहळू वाढवत दोनेक आठवड्यांनी छोटी धाव घ्यावी. साताऱ्याच्या पावसात बूट रोज भिजतात, तेव्हा चामडं किंवा कॉर्क लावलेला इनसोल टाळलेला बरा. फोमचा असेल तर धावून आल्यावर बाहेर काढून वाळवावा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरावेत.

खास बनवून घेण्याची गरज असलेले लोक आहेतच. कमान ताठ आणि उंच असून चवड्याच्या हाडाला पुन्हा पुन्हा चीर पडते ते. एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही आणि घोटा आत कलंडत चाललाय ते, कारण त्यांच्या घोट्यामागून कमानीला उचलून धरणारी कंडराच निकामी होत असते. अंगठ्याचा सांधा वाकेनासा झालेले. दोन पायांच्या लांबीत लक्षणीय फरक असलेले. आणि मधुमेहानं तळव्याची संवेदना कमी झालेले, ज्यांच्या बाबतीत आरामाची कसोटी लागूच होत नाही, कारण टोचलेलं त्यांना कळतच नाही. या सगळ्यांनी ऑर्थोपेडिक (हाडांच्या) डॉक्टरकडून किंवा असे आधार बनवणाऱ्या ऑर्थोटिस्टकडून माप घेऊनच बनवावं.

उरलेल्यांनी पैशापेक्षा मेहनत पोटरीवर आणि तळव्यावर खर्च करावी. डेन्मार्कमध्ये २०१५ साली टाचदुखीच्या ४८ रुग्णांवर अभ्यास झाला. सगळ्यांना टाचेखाली घालायला इनसोल दिले होते. अर्ध्यांनी रोजचे ताणाचे व्यायाम केले, अर्ध्यांनी दिवसाआड एकच व्यायाम. पायरीच्या कडेवर एका पायानं उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा म्हणजे बोटं मागं वळतात आणि पट्टा ताणला जातो. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. सुरुवातीला बाराच्या तीन फेऱ्या, दोन आठवड्यांनी पाठीवर पुस्तकांची सॅक घेऊन दहाच्या चार, आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून आठच्या पाच. तीन महिन्यांनी हा पायरीवरचा व्यायाम करणारा गट ठळकपणे पुढं होता. वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळजवळ सारखेच झाले, पण शर्यत तोंडावर असलेल्याला ते आधीचे तीन महिने फार मोलाचे असतात.

दुखत असताना धावायचं की नाही, याचं उत्तर दुखणारा भाग ठरवतो. हाडाची शंका असेल तर अजिबात नाही. कंडरा आणि पट्ट्याला मात्र पूर्ण विश्रांती मानवत नाही, ते आणखी दुबळे होतात. स्वीडनमध्ये अकिलीसच्या रुग्णांवर वापरलेला नियम इथं उपयोगी पडतो. शून्य ते दहा अशा मोजपट्टीवर पाचपर्यंत दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वपातळीवर आलेलं असलं पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. सकाळचं पहिलं पाऊल हाच रोजचा अहवाल.

दुखण्यानंतर धावण्याकडे परतताना घाटाचेही चढ आणि उतार असे दोन भाग करावेत. टाचेचा पट्टा दुखत होता किंवा हाडाची चीर भरून डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, अशांनी सपाटीवर बिनदुखतं धावता येऊ लागल्यावर आधी यवतेश्वर चढावा आणि खाली गाडीनं यावं. चढावर धक्का कमी असतो. अकिलीस दुखत असेल तर याच्या उलट, कारण चढावर टाच खाली राहते आणि कंडरा जास्त ताणली जाते. त्यांनी चढ सर्वांत शेवटी घ्यावा. उतार सुरू करताना पहिल्या दिवशी एखादा किलोमीटर, लहान लहान पावलं टाकत, आणि दुसऱ्या दिवशी धाव नाही. महिन्याभरातल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एकाच दिवशी फार पुढं उडी मारू नये. २०२५ साली पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदींवरून दिसलं की दुखापतीचा धोका वाढवते ती एकाच धावेतली अशी उडी. दुखणं जाऊन महिना-दोन महिने झाले आणि पायरीवरचा व्यायाम वजनासह सहज होऊ लागला, की इनसोल आधी छोट्या धावांतून काढून पाहावा. त्याशिवायही सकाळचं पहिलं पाऊल शांत असेल, तर तो फक्त लांब उतारांच्या दिवसांसाठी ठेवला तरी पुरतो.