ऋण प्रबलन की शिक्षा? एकाच पराणीची दोन कामं

रात्री साडेनऊला ग्रुपवर प्रश्न आला: गाडीत सीटबेल्ट लावेपर्यंत टिंग-टिंग वाजत राहतं, लावला की थांबतं, हे काय? चौघांनी 'शिक्षा' असं ठोकून दिलं. पाचवी वसमतची, तिचं नेटवर्क गेलेलं, म्हणून ती वाचली. त्या चौघांत मीही होतो.

आम्ही पाच जण मानसशास्त्राच्या नेटची, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची, तयारी करतोय. एक लातूरला, एक जालन्याला, एक उमरग्याला, वसमतची ही आणि परभणीचा मी. एकत्र बसायचं म्हटलं तर एसटीतच दिवस जायचा, म्हणून रोज रात्री गुगल मीट. नेटच्या दुसऱ्या पेपरात १०० प्रश्न असतात, प्रत्येकी २ गुणांचे. साधक अभिसंधान, म्हणजे वर्तनाच्या परिणामातून होणारं शिकणं, हा धडा पाठ असतो सगळ्यांचा. व्याख्याही येते. उदाहरण समोर आलं की गाडी घसरते.

घसरते ती 'ऋण' या शब्दावरून. काही नोट्समध्ये तर 'नकारात्मक प्रबलन' छापलेलं असतं. नकारात्मक म्हटलं की वाईट, आणि वाईट म्हणजे शिक्षा, असं डोकं आपोआप धावतं. ऋण म्हटलं तरी आपल्याकडे आधी सोसायटीचं कर्ज आठवतं. इथे ऋण म्हणजे फक्त वजाबाकीचं चिन्ह: काहीतरी काढून घेतलं. आणि प्रबलन म्हणजे वर्तनाला बळ, ते वर्तन पुढे वाढणार. एखादी अप्रिय गोष्ट दूर झाल्यामुळे वर्तन वाढलं की ऋण प्रबलन. सीटबेल्टची टिंग-टिंग हीच: बेल्ट लावला की ती थांबते, म्हणून बेल्ट लावणं वाढतं. शिक्षेत वर्तन कमी होतं. आपल्या गोंधळाची फार लाजही वाटून घेऊ नये. साधक अभिसंधान मांडणाऱ्या खुद्द स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये हा शब्द शिक्षेच्याच अर्थाने वापरला होता. आजचा अर्थ त्याच्या १९५३ च्या लिखाणात आहे.

वसमतची परत आली तेव्हा तिने बैलाचं सांगितलं, आणि माझ्या डोक्यात तेच बसलंय. पराणी सगळ्यांना माहीत आहे, टोकाला आर, म्हणजे लोखंडी अणकुची, लावलेली काठी. बैल नांगराला उभा राहिला की पाठीमागून टोचतात, त्याने पाऊल उचललं की टोचणं थांबतं. टोचणं बैल चालायच्या आधी सुरू झालं आणि चालल्यामुळे संपलं. पुढच्या खेपेला बैल लवकर चालतो. चालणं वाढलं, हे ऋण प्रबलन. आता तोच बैल शेजाऱ्याच्या जोंधळ्यात तोंड घालतो आणि त्याच पराणीचा फटका बसतो. इथे फटका तोंड घातल्यानंतर आला, आणि तोंड घालणं कमी झालं. ही शिक्षा. बैल तोच, काठी तीच, हातही तोच. पराणीकडे बघून उत्तर सापडत नाही. ती वर्तनाच्या आधी आली की नंतर, आणि वर्तन वाढलं की घटलं, एवढंच बघायचं.

स्किनरच्या पेटीतला, म्हणजे दाबायची दांडी असलेल्या प्रयोगाच्या पिंजऱ्यातला, उंदीर ऋण प्रबलनात या बैलासारखाच वागतो. पायाखालच्या जाळीत वीज सोडलेली असते, उंदराने दांडी दाबली की ती बंद होते. थोड्या वेळाने तो वीज येताच दांडी दाबतो. आणि वीज यायच्या आधी दिवा लावत गेलात, तर दिवा दिसताच दाबायला शिकतो, म्हणजे झटका बसायच्या आतच टाळतो. पहिली सुटका, दुसरं टाळणं. दोन्ही ऋण प्रबलनच.

शिक्षेचा उंदीर वेगळाच. स्किनरने दांडी दाबून अन्न मिळवायला शिकलेल्या उंदरांना अन्न देणं बंद केलं. त्यातल्या काहींना सुरुवातीच्या थोड्या वेळात दांडी दाबताच पंजावर चापट बसायची. त्यांनी लगेच दाबणं कमी केलं. पण चापट थांबल्यावर ते पुन्हा दाबू लागले, आणि शेवटी एकूण दाबण्याचा आकडा चापट न खाल्लेल्यांच्या जवळपासच आला. शिक्षेने वर्तन दबलं होतं, पुसलं गेलं नव्हतं. छडी खाऊन शिकलेल्या आमच्या पिढीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

लातूरवाल्याने मग त्याच्या भागातला प्रश्न काढला: नीटमधलं निगेटिव्ह मार्किंग हे काय? नाव निगेटिव्ह, म्हणून ऋण प्रबलन? नाही. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ कापला. मिळालेली हवीशी गोष्ट काढून घेतली आणि त्यामुळे पोरं तुक्का मारणं कमी करतात. वर्तन घटलं, म्हणजे शिक्षा; काढून घेतलं, म्हणून ऋण शिक्षा. पराणीचा फटका मात्र धन शिक्षा, कारण तिथे नकोशी गोष्ट वाढवली. हे 'धन' पहिल्यांदा ऐकणारा हसतोच.

खरी फसवाफसवी हेल्मेटच्या प्रश्नात होते. दंड भरल्यावर विना हेल्मेट फिरणं कमी झालं, तर ती शिक्षा. दंड नको म्हणून हेल्मेट घालणं वाढलं, तर ऋण प्रबलन. दंड एकच, पण प्रश्न कोणत्या वर्तनाबद्दल विचारलाय यावर उत्तर फिरतं. मी आता पर्याय वाचायच्या आधी प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारतो.

आमच्या ग्रुपमध्येही एक नियम होता: मीटवर उशिरा येणाऱ्याने एक गाणं म्हणायचं. चार जणांना ते जड जायचं, चौघेही वेळेवर यायला लागलो. उमरग्याची मात्र रोज दहा मिनिटं उशिरा. आम्ही वैतागलो, एकाऐवजी दोन गाणी केली, तर पंधरा मिनिटं उशीर. आवाज चांगला आहे तिचा, तिला श्रोते हवे होते. आम्ही तिला शिक्षा समजून जे देत होतो, त्याने तिचा उशीर वाढत होता, म्हणजे ते धन प्रबलन होतं. मानसशास्त्राच्या पाच विद्यार्थ्यांना हे कळायला तीन आठवडे लागले.

आता नियम उलटा केलाय. वेळेवर आली तर शेवटी एक गाणं, उशीर झाला तर गाणं रद्द. सोमवारपासून ती साडेनऊला पाच कमी असतानाच लिंकवर येऊन बसलेली असते.