माहिती फुटलेल्या कामगारांची कायदेशीर दाद : कोकण किनारपट्टी

मालक, ठेकेदार, भरती एजंट किंवा सरकारी मंडळ कामानिमित्त कामगाराची वैयक्तिक माहिती घेते. ती चोरीला गेली, हलगर्जीपणाने उघडी पडली किंवा आतल्याच कुणी बाहेर दिली, तर कामगाराला कोणत्या कायद्याखाली कुठे दाद मागता येते, याविषयी ही नोंद आहे. भारतात त्यासाठी एकच एक कायदा नाही. बँकेकडून पैसे परत मिळवण्याचा नियम वेगळा, पोलिसांचा रस्ता वेगळा आणि भरपाईचा आणखी वेगळा. त्यातच २०२५ ते २०२७ या काळात जुनी तरतूद (माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००चे कलम ४३अ) जाऊन नवा कायदा (डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३) टप्प्याटप्प्याने लागू होत असल्याने माहिती कधी फुटली, या प्रश्नालाही महत्त्व आले आहे.

कोकणात ही माहिती फार विखुरलेल्या हातांत असते. लोटे-परशुराम, महाड, रोहा-धाटाव इथल्या रासायनिक कारखान्यांत कंत्राटी कामगाराची हजेरी गेटवरच्या अंगठ्याच्या किंवा चेहऱ्याच्या मशीनवर लागते. महिनाअखेरीस ठेकेदाराचा कारकून पगारपत्रकाची एक्सेल फाइल कंपनीला पाठवतो, बहुधा व्हॉट्सॲपवरून. त्या फाइलच्या एकेका ओळीत नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक (यूएएन), बँक खाते, आयएफएससी कोड आणि मोबाइल नंबर असे सगळे शेजारीशेजारी असते. फसवणूक करणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही. मिरकरवाडा, हर्णै, मालवण या बंदरांत पावसाळी मासेमारीबंदी उठली की बोटींवर नवे खलाशी चढतात, आणि त्यांच्या आधारच्या झेरॉक्स किंवा मोबाइलवर काढलेले फोटो तांडेलापासून (बोटीच्या प्रमुख खलाशापासून) बोटमालकापर्यंत फिरतात. देवगड-रत्नागिरीच्या आंबाबागांत राखणीला येणाऱ्या नेपाळी कामगारांची कागदपत्रेही अशीच मुकादमाच्या फोनमध्ये असतात. पुढे सांगितलेल्या भारतीय कायद्यांत भारताचे नागरिकत्व ही अट नाही, त्यामुळे हा नेपाळी राखणदारही तक्रार करू शकतो. हे खुद्द बागायतदारांनाही सहसा ठाऊक नसते.

कागदावरची झेरॉक्स मात्र या कायद्यांच्या कक्षेत येत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातली भरपाई संगणकीय साधनातल्या माहितीपुरती आहे, आणि २०२३चा कायदाही डिजिटल किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीलाच लागू होतो. गल्ल्यातून झेरॉक्स गहाळ झाली तर प्रकरण वेगळे. तिचा फोटो ग्रुपवर टाकला की कायदा लागू होतो.

जबाबदार कोण : दाद मागायला निघाल्यावर पहिला अडथळा इथेच येतो. कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार पगाराचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडे, आणि कामगाराच्या हातात तर नेमणुकीचे पत्रही नसते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ यावर स्पष्ट आहे : माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, तोच जबाबदार. त्याने काम दुसऱ्याकडे सोपवले असले, करारात काहीही लिहिलेले असले, तरी ही जबाबदारी सुटत नाही. म्हणून तक्रार करताना कंपनी आणि ठेकेदार दोघांची नावे घालणे शहाणपणाचे.

माहिती सरकारी कार्यालयातून फुटली, तर हिशेब बदलतो. जुन्या कायद्यातली भरपाई फक्त कंपनी, भागीदारी पेढी, एकल मालकीचा व्यवसाय अशा व्यावसायिक संस्थांकडून मिळते. शासकीय मंडळे त्यात बसत नाहीत. त्यांच्याविरुद्ध संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, कारण खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी मान्य केले आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्गातल्या याचिकाकर्त्याला त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून हे दोन जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत. रायगडची प्रकरणे मुंबईतच चालतात. ग्राहक आयोगाचा विचारही अनेकांच्या मनात येतो, पण कामगार हा मालकाचा ग्राहक नसतो. भविष्यनिर्वाह निधीचा सदस्य मात्र त्या संघटनेचा ग्राहक ठरतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा शिवकुमार जोशी प्रकरणातला निर्णय आहे.

पैसे आणि आधार : कायद्याच्या मोठ्या वाटांआधी रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७चे परिपत्रक कामाला येते. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाले. चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, तिसरीकडूनच माहिती फुटली आणि खात्यातून पैसे गेले, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास खातेदाराला काहीही सोसावे लागत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास त्याच्यावर मर्यादित बोजा येतो : मूलभूत बचत खात्याला जास्तीत जास्त ५,००० रुपये, साध्या बचत खात्याला १०,००० रुपये. त्यानंतर बँकेचे धोरण जे असेल ते. कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा व्हायला हवी. चूक खातेदाराची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. ओटीपी स्वतःहून सांगितला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान खातेदाराच्या माथी. समुद्रात आठ-दहा दिवस राहणाऱ्या खलाशाला हे तीन दिवस कसे जमायचे, याचा विचार परिपत्रकात दिसत नाही. घरच्या माणसाकडे बँकेचा तक्रार क्रमांक आणि मेसेज येणारा फोन ठेवणे, एवढाच व्यवहारी उपाय उरतो.

हजेरी मशीनमधले ठसे फुटले असतील, तर धोका ओटीपीशिवायचा असतो. आधार-आधारित पैसे काढण्याच्या सोयीत ठसा हीच किल्ली, आणि पासवर्डसारखा ठसा बदलता येत नाही. आधार देणाऱ्या युआयडीएआय या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून किंवा एमआधार ॲपवरून बायोमेट्रिक कुलूपबंद करता येते. आपला आधार कुठे कुठे वापरला गेला, याचा मागील सहा महिन्यांचा तपशील तिथेच दिसतो. त्याची प्रत तक्रारीला जोडली की पुरावा भक्कम होतो. हेल्पलाइन १९४७.

भरपाई : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८च्या दुरुस्तीने कलम ४३अ आले आणि ते २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. संवेदनशील माहिती सांभाळणाऱ्या संस्थेने वाजवी सुरक्षा ठेवण्यात हयगय केली आणि त्यातून कुणाचे नुकसान किंवा कुणाला गैरलाभ झाला, तर तिने भरपाई द्यायची, असे ते कलम सांगते. संवेदनशील कशाला म्हणायचे हे २०११च्या नियमांत आहे : पासवर्ड, बँक खाते व कार्डाचा तपशील, आरोग्य व वैद्यकीय नोंदी, लैंगिक कल, बायोमेट्रिक. आधार क्रमांक, पत्ता, मोबाइल नंबर या यादीत नाहीत. त्यामुळे अर्जात फक्त ‘माझा आधार फुटला’ असे लिहून भागत नाही. त्याबरोबर खाते क्रमांक, ठसा किंवा कारखान्याच्या वैद्यकीय तपासणीचा अहवालही होता हे दाखवावे लागते. दुसरी अडचण नुकसानीची. माहिती फुटली एवढ्यावर भरपाई मिळत नाही, प्रत्यक्ष तोटा किंवा दुसऱ्याचा गैरफायदा दिसावा लागतो.

हा दावा न्यायालयात नव्हे, न्यायनिर्णय अधिकाऱ्यासमोर चालतो. प्रत्येक राज्यात माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे पद सांभाळतात. महाराष्ट्रात ते मंत्रालयात बसतात. पाच कोटींपर्यंतचे दावे त्यांच्याकडे, आणि त्यांच्या अखत्यारीतल्या बाबी दिवाणी न्यायालयात नेता येत नाहीत. शुल्क मागितलेल्या रकमेनुसार पडते. आदेश पटला नाही तर ४५ दिवसांत टीडीसॅट या दिल्लीतल्या न्यायाधिकरणाकडे अपील, त्यापुढे उच्च न्यायालय. ही वाट कागदावरचीच आहे असे म्हणता येणार नाही. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या सचिवांनी फिशिंगला (बनावट ईमेलने केलेल्या फसवणुकीला) बळी पडलेल्या पुण्याच्या एका उद्योगाला बँकेकडून ४५ लाख रुपये देववले होते. मात्र तिथे मागणारा उद्योजक होता. सावंतवाडीच्या काजू कारखान्यात रोजावर असलेल्या बाईने बुडलेल्या आठ हजारांसाठी पाचशे किलोमीटरवरच्या मंत्रालयाच्या खेपा घालाव्यात, ही अपेक्षाच अवास्तव आहे. युनियनने अनेकांचे अर्ज एकत्र तयार करून दिले, तरच हे परवडते.

आणि ही वाटही बंद होणार आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कायद्याचे नियम अधिसूचित झाले. त्यातला मुख्य भाग अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतो, आणि त्याच दिवशी कलम ४३अ रद्द होते. नव्या कायद्यात सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, आणि माहिती फुटल्याचे न कळवल्यास २०० कोटींपर्यंत दंड आहे. आकडे डोळे दिपवणारे. पण दंडाची सगळी रक्कम भारताच्या संचित निधीत जाते, कामगाराला त्यातला रुपयाही मिळत नाही. शिवाय खोटी किंवा उथळ तक्रार केली असे ठरले, तर तक्रारदारालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कामगाराच्या बाजूने पाहिले तर हा व्यवहार तोट्याचा आहे.

नव्या कायद्यात जमेची बाजू आहे ती कळण्याच्या हक्काची. माहिती फुटली की प्रत्येक बाधित व्यक्तीला विनाविलंब कळवणे बंधनकारक होते आणि या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यावा लागतो. आजवर कामगाराला ही खबर बहुधा खाते रिकामे झाल्यावरच मिळत असे. २०२२ पासून सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवण्याचे बंधन होते खरे, पण ते सरकारला कळवण्याचे. मंडळाकडे जाण्याआधी संबंधित संस्थेच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे जावे लागते. नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला मालकाला कामगाराची वेगळी संमती लागत नाही, त्यामुळे ‘मी सही केलीच नव्हती’ हा मुद्दा सहसा चालत नाही. सुरक्षेच्या हयगयीवरच बोट ठेवावे.

फौजदारी बाजू : पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवावे, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यांत गोठवता येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखाली दुसऱ्याची ओळख वापरणे (कलम ६६क) आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी (६६ड) यांना तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कराराने मिळालेली माहिती नुकसान करण्याच्या हेतूने किंवा लाभासाठी बाहेर देणाऱ्याला कलम ७२अ लागते, आणि त्याचा दंड २०२३ मध्ये पाच लाखांवरून २५ लाखांवर नेला गेला. पगारपत्रक विकणारा कारकून नेमका यात सापडतो. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. नोंदवून घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज, आणि मग दंडाधिकारी.

तक्रार केली म्हणून कामावरून काढले, तर महाराष्ट्राच्या १९७१च्या कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याखाली ९० दिवसांत कामगार न्यायालयात जाता येते. मात्र मालक-कामगार नातेच वादात असेल तर ही तक्रार टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सिप्ला प्रकरणात २००१ मध्ये म्हटले आहे. कंत्राटी कामगारासाठी हा दरवाजा त्यामुळे अर्धाच उघडा. गेटपास, पीएफ पासबुक, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी जपून ठेवायच्या त्या यासाठी.

परदेशी निकाल आणि दर्यावर्दी : सामूहिक दाव्यांनी बाहेरदेशी प्रत्येक वेळी यश दिले असे नाही. ब्रिटनमध्ये मॉरिसन्स या दुकानसाखळीच्या एका नाराज लेखापरीक्षकाने २०१४ मध्ये जवळपास एक लाख सहकाऱ्यांची पगाराची माहिती इंटरनेटवर टाकली. हजारो कर्मचारी न्यायालयात गेले, खालच्या दोन पायऱ्यांवर जिंकले, आणि १ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात हरले : त्या माणसाने हे वैयक्तिक सूडापोटी केले, त्याचे उत्तरदायित्व कंपनीवर नाही. उलट अमेरिकेत केंद्रीय कर्मचारी कार्यालयातून २०१५ मध्ये उघड झालेल्या चोरीबद्दल २०२२ मध्ये ६.३ कोटी डॉलरची तडजोड झाली.

दापोली, खेड, गुहागर या भागांतून बोटीवर जाणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांची सीडीसी (खलाशाची नोंदवही), पासपोर्ट, वैद्यकीय दाखले मुंबईतल्या भरती एजन्सीकडे आणि तिथून परदेशी जहाजमालकाकडे जातात. एजन्सीवर भारतीय कायदा चालतो. जहाजमालकाचे कार्यालय युरोपीय संघात असेल तर जीडीपीआर हा तिथला डेटा संरक्षण कायदा लागू होतो आणि तो कर्मचाऱ्याचे राष्ट्रीयत्व पाहत नाही. त्याच्या अनुच्छेद ८२ खाली आर्थिक नुकसानीइतकीच मनस्तापाचीही भरपाई मागता येते. नुसता नियमभंग पुरेसा नाही, पण नुकसान ‘गंभीर’च असायला हवे अशीही अट नाही, असे युरोपीय न्यायालयाने ४ मे २०२३ रोजी ठरवले. दाव्यासाठी तिथला वकील लागतो. त्या देशाच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार मात्र कर्मचाऱ्याला स्वतः करता येते, आणि तिला शुल्क पडत नाही.